जीआय बिलचे महिने आणि त्यांवर डोळा ठेवणारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडलेल्यांना 'जीआय बिल' या कायद्याखाली शिक्षणासाठी जी मदत मिळते, तिच्याबद्दल तिथल्या मराठी घरांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही माजी सैनिकांनी स्वतः विचारलेत, बरेचसे त्यांच्या आईवडिलांनी किंवा जोडीदाराने. पोरगा सैन्यातून सहीसलामत परत आला आणि आता कॉलेजवालेच त्याला गंडवतायत, हा त्यातला नेहमीचा सूर. रकमा दर वर्षी १ ऑगस्टला बदलतात, तेव्हा आकडा त्या त्या वेळी पडताळून घ्या.

१. जीआय बिलमध्ये नेमकं काय मिळतं?

आज नुसतं 'जीआय बिल' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ९/११ नंतरच्या सेवेसाठीचं बिल असतं. कायदा २००८चा, लाभ १ ऑगस्ट २००९पासून. १० सप्टेंबर २००१ नंतर एकूण किमान ९० दिवस सक्रिय सेवा झाली असेल तर काही टक्के लाभ मिळतो, ३६ महिने झाली असेल तर पूर्ण.

पूर्ण लाभ म्हणजे सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांना पडते तेवढी सगळी फी. खासगी किंवा परदेशी संस्थेत वार्षिक मर्यादा असते, २०२५-२६ साठी ती सुमारे ३० हजार डॉलर आहे. शिवाय पुस्तकांसाठी वर्षाला १ हजार डॉलरपर्यंत, आणि निम्म्याहून जास्त वेळ शिकत असाल तर दरमहा घरभाडे भत्ता. हे सगळं जास्तीत जास्त ३६ महिने. शैक्षणिक वर्ष नऊ महिन्यांचं धरलं तर चार वर्षांची पदवी त्यात बरोबर बसते, वर काही उरत नाही.

नागरिकत्वाची अट नाही. ग्रीन कार्डावर भरती झालेल्यालाही लाभ मिळतो, मात्र सेवामुक्तीच्या कागदावर 'ऑनरेबल' हाच शेरा हवा.

फी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, थेट कॉलेजला पाठवतं. विद्यार्थ्याच्या हातात फक्त भत्ता आणि पुस्तकांचे पैसे येतात. पुढचे बरेचसे घोटाळे या एका व्यवस्थेतून निघतात.

२. पैसे तर सरकारचे. फसवणूक झाली तर आमच्या मुलाचं काय जातं?

महिने जातात. हा प्रश्न आईवडिलांकडून फार येतो आणि त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचं निम्मं काम झालं.

समजा, मुलाने एका खासगी संस्थेत १४ महिन्यांचा कोर्स केला. संस्थेने फी व्हीएकडून उचलली. मुलाच्या खिशातून एक डॉलरही गेला नाही, म्हणून त्याला काही वाटलं नाही. कोर्स संपल्यावर कळलं की ते प्रमाणपत्र कुणी मालक विचारात घेत नाही आणि सरकारी विद्यापीठ त्यातलं एकही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यासाचा गुण, धरत नाही. आता त्याच्याकडे ३६पैकी २२ महिने उरले, म्हणजे जेमतेम अडीच शैक्षणिक वर्षं. पदवीच्या उरलेल्या दीड वर्षाचा खर्च त्याने स्वतः करायचा, नाहीतर कर्ज काढायचं.

हे घडताना दिसत नाही, कारण बिल घरी येत नाही. कॉलेज निवडताना 'फी किती' यापेक्षा 'माझे किती महिने जाणार आणि बदल्यात हातात काय येणार' हा प्रश्न आधी विचारायला हवा. व्हीए जे पात्रतेचं पत्र पाठवतं त्यावर महिने आणि दिवस स्पष्ट छापलेले असतात. ते पत्र फायलीत टाकून विसरायचं नाही.

३. कॉलेजं माजी सैनिकांच्याच एवढी मागे का लागतात?

खात्रीचं गिऱ्हाईक म्हणून, हे एक कारण. पण कित्येक वर्षं कायद्यानेच त्यांना तसं करायला लावलं होतं.

नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना '९०-१०'चा नियम लागू असतो. १९९२मध्ये तो ८५-१५ होता, १९९८मध्ये ९०-१० झाला. शिक्षण खात्याच्या मदतीतून आणि कर्जांतून येणारा पैसा एकूण उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर जाता कामा नये, उरलेले १० टक्के बाहेरून आले पाहिजेत. निदान एवढी माणसं स्वतःच्या पैशाने शिकायला येतायत, म्हणजे संस्थेत काहीतरी दम आहे, असा त्यामागचा विचार. पण जीआय बिलचे पैसे शिक्षण खात्याचे नसून व्हीएचे, म्हणून ते 'बाहेरच्या' १० टक्क्यांत धरले जायचे. एक माजी सैनिक भरती केला की त्याच्या प्रत्येक डॉलरमागे नऊ डॉलरची सरकारी मदत आणखी उचलायची सोय. तेव्हा ग्राहक संरक्षण खात्यात सैनिकांच्या प्रश्नांचं काम पाहणाऱ्या हॉली पेट्रेयस यांनी २०११मध्ये हे जाहीरपणे मांडलं, तरी पळवाट बुजायला २०२१ उजाडलं. नवा नियम १ जानेवारी २०२३पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झाला आणि आता जीआय बिलचा पैसा सरकारी पैशातच मोजला जातो.

पळवाट गेली, फोन करणारी यंत्रणा मात्र जागेवर आहे. तिच्याबद्दल प्रश्न ७ आणि ८ पाहा.

४. हा प्रकार अलीकडचाच का? जुन्या लोकांना तर या बिलाने घडवलं म्हणतात.

अलीकडचा नाही, आणि बिलाने घडवलं हेही खरं. पहिलं जीआय बिल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ला सही करून लागू केलं आणि १९५६पर्यंत दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्यावर शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्याच काळात रातोरात उगवलेल्या धंदेशिक्षणाच्या शाळांनी सरकारला मनसोक्त लुटलं. हजेरीपटावर नावं होती, वर्गात यंत्रं नव्हती. टेक्ससचे खासदार ऑलिन टीग, जे स्वतः त्या युद्धात लढले होते, त्यांच्या समितीने याची चौकशी केली. म्हणून १९५२च्या कोरियन युद्धाच्या बिलात पैसे शाळेऐवजी थेट सैनिकाला देण्याची पद्धत आली. कुठल्याही कोर्सात किमान १५ टक्के विद्यार्थी व्हीएच्या पैशाविना शिकणारे असले पाहिजेत, हा नियमही तेव्हाचाच, आणि तो आजही आहे. तो ९०-१०पेक्षा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका.

गंमत म्हणजे २००८च्या बिलाने फी पुन्हा थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवायला सुरुवात केली.

५. कॉलेजच्या जाहिरातीत 'जीआय बिल मान्य' लिहिलंय. मग काळजी कशाला?

मान्य याचा अर्थ पैसे देता येतात, एवढाच. व्हीएने त्या कॉलेजची शिफारस केली असा नाही.

प्रत्येक राज्याची एक मान्यता यंत्रणा असते, ती कागदपत्रं पाहून कोर्स मंजूर करते. तपासणी किती खोलवर होते याबद्दल व्हीएच्याच महानिरीक्षकांनी २०१८मध्ये कडक अहवाल दिला होता. टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या एका एसी-दुरुस्तीच्या शाळेचं उदाहरण घ्या. राज्याची रीतसर मान्यता, काही आठवड्यांचा कोर्स, देशभरातून येणारे माजी सैनिक. तिने जीआय बिलचे सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर घेतले. मान्यता मिळवताना मालकाने संस्थेच्या आर्थिक स्थितीबद्दल धडधडीत खोटं सांगितलं होतं. २०१७मध्ये छापा पडला, शाळा बंद झाली आणि २०२१मध्ये मालकाला १९ वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. छापा पडेपर्यंत जाहिरातीतलं 'मान्य' हे शब्दशः खरं होतं.

आणखी एक. मान्यता कॉलेजला सरसकट नसते, कोर्सनिहाय असते. शेजारच्या इमारतीतला कोर्स मंजूर आहे म्हणून तुमचाही असेलच असं नाही.

६. मग कॉलेज निवडण्याआधी काय काय बघायचं?

आधी व्हीएच्या वेबसाइटवरचं 'जीआय बिल कंपॅरिझन टूल' उघडा. हे साधन २०१४पासून आहे आणि फुकट आहे. त्यात त्या कॉलेजात जीआय बिलवर किती जण शिकतायत, किती तक्रारी आल्यात, तुमच्या टक्केवारीप्रमाणे किती पैसे मिळतील, हे दिसतं. एखाद्या संस्थेवर सरकारी कारवाई चालू असेल तर पिवळ्या पट्टीतला सावधगिरीचा इशाराही तिथेच असतो. तो इशारा दिसूनही 'सगळीकडे असतंच' म्हणून पुढे जाणारे लोक आहेत. नका जाऊ.

मग मानांकन, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. ते कुणी दिलंय हे शिक्षण खात्याच्या यादीत पाहा. कोरिंथियन आणि आयटीटी टेक या खासगी कॉलेजांच्या दोन मोठ्या साखळ्या बुडाल्या, त्यांना मानांकन देणाऱ्या एकाच संस्थेची सरकारी मान्यता शेवटी २०२२मध्ये काढून घेतली गेली. कागदावर मानांकन त्यांच्याकडेही होतंच.

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र फोनची. तुम्हाला पुढे ज्या सरकारी विद्यापीठात जायचं आहे तिथल्या प्रवेश कार्यालयाला फोन लावा आणि विचारा, 'या कॉलेजची क्रेडिट्स तुम्ही धरता का?' दहा मिनिटांचं काम आहे. नर्सिंग, कायदा, अशा परवाना लागणाऱ्या क्षेत्रांत राज्याच्या परवाना मंडळालाही विचारा, की या कोर्सनंतर परीक्षेला बसू देता का. विकणाऱ्यालाच 'माल चांगला आहे का' विचारून काय उत्तर मिळणार?

७. मी कुठेच अर्ज केला नाही, तरी रोज कॉलेजांचे फोन येतात. माझा नंबर मिळाला कसा?

बहुधा तुम्हीच दिलाय, दुसऱ्याच कामासाठी. नोकरी शोधायच्या किंवा 'तुम्हाला किती लाभ मिळेल ते बघा' छापाच्या वेबसाइटवर नाव, फोन, सेवेची शाखा भरलीत की ती माहिती विकली जाते.

२०१८मध्ये ग्राहकांच्या बाजूने काम करणाऱ्या एफटीसी या सरकारी आयोगाने अशा वेबसाइट चालवणाऱ्यांवर कारवाई केली. दिसायला हुबेहूब सैन्यभरतीच्या अधिकृत साइट, पत्त्यातही सैन्यदलांची नावं. सैन्यात जायचं म्हणून मुलं माहिती भरत होती आणि ती माहिती एका नावामागे १५ ते ४० डॉलर दराने कॉलेजांना विकली जात होती. त्याआधी २०१२मध्ये 'जीआय बिल डॉट कॉम' ही खासगी कंपनीची साइट २० राज्यांच्या महाधिवक्त्यांनी मिळून बंद पाडली. कंपनीने २५ लाख डॉलर भरले आणि ते नाव व्हीएच्या ताब्यात दिलं. तोवर भलेभले ती सरकारी साइट समजत होते.

ओळखायची खूण सोपी आहे. जीआय बिलच्या कामासाठीच्या खऱ्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गव्ह'ने किंवा सैन्याचा असेल तर 'डॉट मिल'ने संपतो. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' असेल तर झेंडा कितीही फडकू दे, ती व्हीएची नाही.

८. 'आजच सही करा, उद्या सीट जाईल' असं म्हणतात. हे चालतं का?

चालत नाही. जानेवारी २०२१मध्ये झालेल्या कायद्यानुसार जीआय बिल घेणाऱ्या संस्थेला, समोरच्याने न मागता एका महिन्यात तीन किंवा त्याहून जास्त वेळा संपर्क करणं मना आहे. मग तो फोन असो, ईमेल असो की समोरासमोर भेट. भेटीच्याच दिवशी नाव नोंदवून घेणंही मना आहे. 'एवढे भरती करा, एवढं कमिशन' असं माणशी बक्षीस भरती करणाऱ्याला देता येत नाही.

फोनवर एवढंच म्हणा: 'एकूण खर्च, कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि लागलेल्या नोकऱ्या, हे सगळं लेखी पाठवा.' गडबड करणारा तिथेच थंड होतो. आलेल्या फोनच्या तारखा टिपून ठेवा, तक्रारीत कामी येतात.

९. एक जण अर्ज भरून द्यायचे पैसे मागतोय. द्यावेत का?

नाही. अर्ज व्हीएच्या साइटवर फुकट आहे. माजी सैनिकासाठी फॉर्म २२-१९९०, लाभ नावावर करून मिळालेल्या मुलासाठी किंवा जोडीदारासाठी २२-१९९०ई. अडलं तर कॉलेजात जीआय बिलचं काम पाहणारा अधिकारी असतोच, आणि माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधीही फुकट मदत करतात.

याला जोडून सध्या येणारा प्रश्न 'जादा १२ महिन्यांचा'. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुडिसिल खटल्यात निकाल दिला, की ज्याने दोन वेगवेगळ्या सेवाकाळांतून जुनं माँटगोमेरी बिल आणि नवं बिल असे दोन्ही हक्क कमावलेत, त्याला दोन्ही मिळून ४८ महिन्यांपर्यंत वापरता येतात. ज्यांना हे लागू होतं त्यांनी जरूर अर्ज करावा, पण तोही फुकटच आहे. 'महिने काढून देतो, निम्मा भत्ता माझा' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

मदतीच्या नावाखाली कुणी डीडी-२१४ची, म्हणजे सेवामुक्तीच्या कागदाची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागत असेल तर तीही देऊ नका. तुमची ओळख चोरायला लागणारं जवळपास सगळं त्यावर असतं.

१०. दर महिनाअखेरीला 'शिकताय का' असा मेसेज येतो. खरा की खोटा?

तुम्ही त्यासाठी होकार दिला असेल तर बहुधा खरा. पदवी घेणाऱ्यांसाठी ही मासिक पडताळणी डिसेंबर २०२१पासून सुरू झाली. लागोपाठ दोन महिने उत्तर दिलं नाही तर घरभाडे भत्ता थांबतो.

खऱ्या मेसेजमध्ये 'तुम्ही गेला महिना नोंदवल्याप्रमाणे शिकत होता का' असं विचारतात आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर मागतात. बँक खातं, सोशल सिक्युरिटी नंबर, पासवर्ड यातलं काहीही विचारलं किंवा लिंकवर जाऊन 'लॉगइन करा, नाहीतर आज भत्ता बंद' असं म्हटलं, तर तो खोटा. शंका आली तर मेसेजला हात न लावता स्वतः व्हीएची साइट उघडून तिथे पडताळणी करा, किंवा व्हीएच्याच शिक्षण विभागाच्या ८८८-४४२-४५५१ या क्रमांकावर विचारा.

११. भत्ता जमा झाला असं व्हीए म्हणतं, पण खात्यात नाही.

कुणीतरी तुमच्या नावाने बँक खातं बदललं असण्याची शक्यता आहे. वेळ घालवू नका. आधी व्हीएला फोन करून खातं पूर्ववत करायला आणि पैसे कुठे गेले ते शोधायला सांगा, मग लॉगइनचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची ओळख पडताळणी चालू करा. नंतर ओळखचोरीची नोंद एफटीसीकडे करा आणि क्रेडिट नोंदी, म्हणजे तुमच्या कर्ज-उधारीच्या नोंदी, गोठवून टाका, ते फुकट होतं. घरातल्याच कुणाकडे पासवर्ड होता का, हेही शांतपणे तपासा. अवघड प्रश्न आहे, पण विचारावा लागतो.

१२. 'वर्गात नाही आलास तरी चालेल, हजेरी आम्ही लावू, भत्ता घे' असं संस्थाच म्हणतेय. धोका संस्थेला ना?

दोघांनाही. इथे माजी सैनिक फसवला गेलेला राहत नाही, भागीदार होतो. शिकत नसताना प्रश्न १०मधल्या मेसेजला 'हो' म्हणणं म्हणजे सरकारला खोटं निवेदन देणं, आणि तो गुन्हा आहे. उद्या छापा पडला की हजेरीपटासोबत तुमचा 'हो'ही पुराव्यात जातो. वर भत्त्याची वसुली होते आणि महिने कापले जातात ते वेगळेच.

आधीच यात अडकला असाल तर पुढच्या महिन्याला 'हो' म्हणू नका, आणि व्हीएशी बोलण्याआधी वकील गाठा. बऱ्याच कायदा महाविद्यालयांत माजी सैनिकांसाठी मोफत सल्ला केंद्रं असतात.

१३. वर्ग ऑनलाइन होतात, पण कॉलेजने ते प्रत्यक्ष दाखवलेत. मला तर भत्ता जास्त मिळतोय. गप्प बसू का?

नको. सगळं शिक्षण ऑनलाइन असेल तर घरभाडे भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्मा मिळतो. एक जरी वर्ग प्रत्यक्ष असला तर कॉलेजच्या परिसरातल्या दराने, आणि मोठ्या शहरात हा फरक घसघशीत असतो. म्हणून काही संस्था कागदावर एक 'प्रत्यक्ष' वर्ग दाखवतात आणि हेच आमिष दाखवून भरती करतात. चूक उघड झाली की जास्तीचा भत्ता तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. नोंद चुकीची आहे, असं संबंधित अधिकाऱ्याला ईमेलने कळवा. तोंडी नको.

१४. कॉलेज मधेच बंद पडलं. वापरलेले महिने परत मिळतात का?

मिळू शकतात. २०१५मध्ये कोरिंथियन आणि सप्टेंबर २०१६मध्ये आयटीटी टेक बंद पडल्यावर हजारो माजी सैनिक एका दिवसात रस्त्यावर आले, तेव्हा अशी तरतूदच नव्हती. ती २०१७च्या कायद्याने आली.

कॉलेज बंद पडलं किंवा त्या कोर्सची मान्यता काढली गेली, तर तिथे घालवलेले महिने परत मागता येतात. मोठी अट क्रेडिट्सची. तुम्ही त्या कॉलेजातून तशाच दुसऱ्या कोर्समध्ये १२ पेक्षा कमी क्रेडिट्स नेली असतील तर त्या कोर्सचे सगळे महिने परत मिळतात. १२ किंवा जास्त नेली तर फक्त अर्धवट राहिलेल्या सत्राचे. अर्जाचा फॉर्म २२-०९८९. घरभाडे भत्ता सत्र संपेपर्यंत किंवा १२० दिवस, यातलं जे आधी येईल तोवर चालू राहू शकतो. बंद पडण्याच्या थोडं आधी तुम्ही स्वतःच बाहेर पडला असाल तरी अर्ज करून बघा.

इथे एक खाच आहे. बुडणारं कॉलेज जाता जाता 'अमुक संस्थेत तुमची सगळी क्रेडिट्स वळवून देतो' असा तयार करार पुढे करतं. घाबरलेला विद्यार्थी हायसं वाटून सही करतो आणि महिने परत मिळायचा हक्क घालवून बसतो. क्रेडिट्स चांगल्या विद्यापीठात जात असतील तर सौदा परवडेलही, पण दुसऱ्या तशाच संस्थेत जात असतील तर शून्यापासून सुरुवात केलेली बरी. सही आधी नको, हिशोब आधी.

१५. कॉलेज चालूच आहे, पण त्यांनी मला खोटं सांगून घेतलं. आता?

सगळ्यात अडचणीची जागा ही. नोकरीची खोटी आमिषं दाखवून घेतलं असेल आणि तुम्ही शिक्षण खात्याचं कर्जही काढलं असेल, तर ते कर्ज 'बॉरोअर डिफेन्स'खाली माफ होऊ शकतं. २०२२मध्ये कोरिंथियनच्या विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं आणि आयटीटी टेकच्या विद्यार्थ्यांचं ३९० कोटी डॉलरचं कर्ज शिक्षण खात्याने माफ केलं. पण त्या माफीत जीआय बिलचा एकही महिना परत आला नाही, कारण महिने म्हणजे कर्ज नव्हे. आयटीटी टेकमधून २०१२ साली पदवी घेतलेले दोन मित्र धरा. एकाने कर्ज काढलं होतं, ते माफ झालं. दुसऱ्याने युद्धावर जाऊन कमावलेले महिने भरले, त्याचे गेले ते गेलेच. हा अन्याय आहे, आणि तो कायद्यानेच दूर व्हायला हवा.

तोवर हाती काय? तक्रार करणं (प्रश्न १८), आणि एफटीसीच्या तडजोडींवर लक्ष ठेवणं. डिसेंबर २०१९मध्ये फिनिक्स विद्यापीठाने नामांकित कंपन्यांशी संबंध असल्याच्या जाहिरातींच्या प्रकरणात १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. त्यातले ५ कोटी रोख होते, बाकी विद्यार्थी संस्थेला देणं लागत होते ती थकबाकी माफ झाली. मार्च २०२०मध्ये व्हीएने या विद्यापीठात आणि आणखी काही संस्थांत नवे विद्यार्थी घेणं थांबवण्याची नोटीस दिली आणि जुलैत ती मागे घेतली. सरकार आपोआप पाठीशी उभं राहील, या भरवशावर बसू नका.

१६. मी वर्ग मधेच सोडला, आता व्हीए पैसे परत मागतंय. हीसुद्धा फसवणूकच का?

नसावी. वर्ग सोडला की भत्ता आणि पुस्तकांचे पैसे तुमच्याकडून, आणि फी सहसा कॉलेजकडून वसूल होते. मग कॉलेज तेवढी फी तुमच्या नावे मांडतं, असा दुहेरी तडाखा बसतो. आजारपण, बदली अशी सबळ कारणं असतील तर कळवा. पहिल्यांदा सोडताना ६ क्रेडिटपर्यंतची सूट कारण न विचारता मिळते. पत्र खरं आहे का ते व्हीएच्या साइटवर तुमच्या खात्यात बघा. गिफ्ट कार्डाने कर्ज फेडायला सांगणारा व्हीएचा नसतो.

१७. मुलीच्या नावावर लाभ केलाय. घटस्फोट झाला तर त्यात वाटणी होते का? आणि तिने घोटाळा केला तर?

वाटणी नाही. नावावर केलेला लाभ वैवाहिक मालमत्ता धरता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. ज्याने सेवा केली तो न वापरलेले महिने केव्हाही काढून घेऊ शकतो किंवा कमी-जास्त करू शकतो. 'सही करून महिने माझ्या नावे कर' असा दबाव येत असेल तर हे लक्षात असू द्या. लाभ विकता किंवा गहाणही ठेवता येत नाही, 'जीआय बिलवर कर्ज' देणारा सरळसरळ गंडवतोय.

दुसऱ्या भागाचं उत्तर कडू आहे: मुलीला जास्तीचे पैसे गेले तर वसुलीला दोघंही जबाबदार. तिच्या कॉलेजची निवड तुमचीही समजा.

१८. तक्रार कुठे करायची, आणि त्यामुळे कॉलेज बंद पडून माझंच नुकसान झालं तर?

व्हीएच्या साइटवर 'जीआय बिल फीडबॅक टूल' आहे. तक्रार स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या वतीने किंवा निनावी करता येते. मराठी आईवडिलांसाठी ही 'दुसऱ्याच्या वतीने'ची सोय महत्त्वाची, कारण पोरं संकोचाने गप्प बसतात. हजेरी किंवा बिलात उघड खोटेपणा दिसला तर व्हीएच्या महानिरीक्षकांच्या हॉटलाइनवर कळवा. फोनवरून किंवा ऑनलाइन कुणी गंडा घालत असेल आणि कुठे जावं ते कळत नसेल, तर माजी सैनिकांसाठीच्या ८३३-३८८-७२३३ या क्रमांकावर वाट दाखवतात. राज्याची मान्यता यंत्रणा आणि महाधिवक्त्यांचं कार्यालय ही आणखी दोन दारं, आणि तिथे कधी कधी लवकर दखल घेतली जाते.

राहिली भीती. तक्रारीमुळे कोर्सची मान्यता गेलीच, तर प्रश्न १४मधली तरतूद तुम्हाला लागू होऊ शकते. उलट, गप्प राहून कोर्स पूर्ण केलात तर महिने संपतात आणि ते परत मागायला काही कारण उरत नाही. मात्र तक्रार टाकण्याआधी गुणपत्रिका, फीच्या पावत्या, भरतीच्या वेळचे मेसेज आणि कोर्सची मूळ माहितीपुस्तिका स्वतःच्या ईमेलवर उतरवून ठेवा. कॉलेजचा ईमेल आणि पोर्टल ते एका क्लिकमध्ये बंद करू शकतात.